उंबरे मोजून केलेला सण

शके १९४२ चा गुढीपाडवा २५ मार्च २०२० रोजी आला आणि त्याच दिवशी देशभरातली एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. राज्यातले कोरोनाचे निर्बंध पूर्णपणे उठले ते २ एप्रिल २०२२ रोजी, आणि तोही पाडवाच होता. म्हणजे पाडवा ते पाडवा अशी दोन पूर्ण वर्षे महाराष्ट्राने आपले सगळे सण साथीत काढले. सोलापुरात पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी आढळला. मग २५ मेची ईद, १ जुलैची आषाढी, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि संक्रांतीची गड्डा यात्रा असे एकामागून एक सण दारात येऊन उभे राहिले. प्रत्येक वेळी घराघरांत प्रश्न एकच होता: करायचं, पण कसं?

सोलापूर हे मिरवणुकांचं शहर आहे, म्हणून इथे हा प्रश्न जास्त टोचला. सिद्धेश्वर यात्रेतले उंच काठ्यांचे नंदीध्वज, गणपतीपुढचे लेझीमचे डाव, पद्मशाली समाजाचा रथोत्सव, पूर्व भागातल्या बायकांनी फुलांच्या राशीभोवती फेर धरून गायलेला बतुकम्मा, आंबेडकर जयंतीची मिरवणूक: मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारं हे गाव सणाला रस्त्यावर येऊन एकमेकांना भेटतं. रस्ताच बंद झाला तेव्हा सण घरात शिरला, आणि घरात तो कसा मोठा करायचा हे शिकावं लागलं. ते शिक्षण साथीबरोबर विसरून जाण्यासारखं नाही. लहान मेळावा का करायचा यामागे विज्ञान आहे. तो साजरा कसा करायचा याचं बरंचसं उत्तर आपल्याच रीतीभातींत आधीपासून होतं.

हवेचा हिशेब

साथीच्या सुरुवातीला सगळा भर हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता. पुढे स्पष्ट झालं की हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, हसताना, गाताना तोंडावाटे बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात. अगदी सूक्ष्म कण मात्र बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. आवाज जितका चढा, तितके कण जास्त. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली इथे एका गायनवृंदाचा सराव झाला. ६१ जण जमले होते, त्यांतला एक आजारी होता. त्या एका संध्याकाळनंतर आजारी असलेल्यांची संख्या, तो एक आणि संशयित धरून, ५३ झाली आणि दोघे दगावले. आपल्याकडे बंद दिवाणखान्यात वीस-पंचवीस जणांनी टाळ्या वाजवत, खड्या आवाजात म्हटलेल्या आरत्यांचं चित्र यापेक्षा फार वेगळं नसतं.

माणसं वाढली की धोका सरळ रेषेत वाढत नाही, तो उड्या मारतो. सहा माणसं जमली तर एकमेकांना भेटणाऱ्या जोड्या होतात १५. दहा माणसांत ४५. पन्नास माणसांत १,२२५. दुसऱ्या बाजूनेही हिशेब करता येतो. गावात शंभरांत एक जण नकळत बाधित आहे असं धरलं, तर दहा जणांच्या जेवणात निदान एक बाधित माणूस असण्याची शक्यता साधारण १० टक्के असते, पन्नास जणांत ती ४० टक्क्यांच्या आसपास जाते आणि दोनशेंच्या कार्यात ८५ टक्क्यांच्या पुढे. शिवाय लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकतो. त्यामुळे ‘आमच्यात कुणाला काही होत नाहीये’ हे उत्तर पुरेसं ठरत नाही.

या हिशेबात एक गोष्ट हमखास सुटते. एकाच घरातली माणसं रोज एकच हवा घेत असतात. त्यांनी एकत्र बसल्याने नवा धोका फारसा येत नाही. दोन घरांतले दहा जण आणि दहा घरांतले दहा जण यांत म्हणूनच मोठा फरक आहे. आमंत्रणाची यादी करताना डोकी मोजण्याऐवजी उंबरे मोजावेत. दोन किंवा तीन उंबरे, त्यांतली सगळी माणसं, लहान मुलं आणि आजी-आजोबांसकट. घरातल्या एकालाच बोलावून बाकीच्यांना वगळण्यापेक्षा हे सुरक्षितही आहे आणि माणुसकीचंही.

उघड्यावरची पंगत

बंद खोलीपेक्षा उघड्यावर धोका खूप कमी, कारण वारा ते कण पांगवून टाकतो. सोलापूर, लातूर आणि धाराशिव या पट्ट्यातल्या लोकांना उघड्यावरचा सण नवा नाही. मार्गशीर्ष अमावास्येला इथली घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. वेळा अमावास्या, बोलीत येळवस. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पूजा मांडायची, शेतात आंबील शिंपडायची आणि मग ज्वारीच्या उभ्या पिकाशेजारी बसून भज्जी, उंडे, आंबील आणि खीर यांवर ताव मारायचा. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहाने नेतात. मोकळी हवा, कुटुंबाकुटुंबाने धरलेली झाडाची सावली, आणि पोटभर जेवण: साथीच्या काळात डॉक्टर जे सांगत होते ते या सणाच्या रचनेतच आहे.

शहरात शेत नसलं तरी गच्ची असते, वाड्याचा चौक असतो, सोसायटीचं पार्किंग असतं. गच्चीवर दोन घरांसाठी दोन सोलापुरी चादरी अंतर ठेवून अंथरल्या की बसण्याची जागा आपोआप आखली जाते आणि कुणाला ‘लांब बसा’ म्हणण्याची पाळी येत नाही. यजमानाने अंतराची सोय आधीच केलेली असली, तर पाहुण्याला अवघडल्यासारखं होत नाही.

फक्त ऋतू पाहून वेळ ठरवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा बाहेरचा कार्यक्रम पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच. दिवाळीत सकाळच्या फराळाला आणि संक्रांतीला दुपारच्या उन्हाला गच्चीसारखी जागा नाही. पावसाळ्यातल्या गणपतीत घरातच बसावं लागलं, तर समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात म्हणजे वारा आरपार वाहील. पाहुण्यांचा वेळ थोडा ठेवावा, आरती हळू आवाजात म्हणावी आणि ताल टाळ-झांजांवर सोपवावा. खाताना मास्क काढावाच लागतो, म्हणून जेवणाची पंगत ही भेटीतली सर्वांत जोखमीची वेळ. बाकी कार्यक्रम घरात केला तरी निदान खाणं बाहेर न्यावं.

प्रत्येकाला मान

इथपर्यंत झाली काळजी. पण नुसत्या काळजीने सण होत नाही. अंतर पाळलं, माणसं कमी केली, खिडक्या उघडल्या, तरी काही घरांत तो दिवस सुट्टीसारखा रिकामा गेला, आणि काही घरांत मात्र चार माणसांचा सण वर्षानुवर्षे लक्षात राहील असा झाला. हा फरक कशाने पडला?

जानेवारी २०२१ ची सिद्धेश्वर यात्रा आठवा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, अशी श्रद्धा आहे. यात्रेत त्या लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन, होतं. मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न. त्यानंतर होम, शोभेचं दारूकाम आणि शेवटी समारोपाचा कप्पडकळी विधी. एरवी अक्षतांच्या वेळी पांढऱ्या बाराबंदीतल्या भाविकांचा समुद्र लोटतो आणि होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे फिरत असतात. त्या वर्षी ना गड्डा भरला, ना गर्दीची मिरवणूक निघाली. विधी मात्र मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत पार पडले. देशात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला, म्हणजे संक्रांतीनंतर दोन दिवसांनी. त्यामुळे ही खबरदारी अटळच होती.

इतकी मोठी यात्रा इतकी लहान होऊनही टिकली, कारण तिचा गाभा मानांचा आहे. सात नंदीध्वज, आणि त्यांचे मान वेगवेगळ्या घराण्यांकडे आणि समाजांकडे. कुणी काय धरायचं, कुणी काय आणायचं, कुणी कधी पुढे व्हायचं हे ठरलेलं. पाहणारे कमी झाले तरी करणाऱ्यांचं काम तसूभरही कमी झालं नाही.

याच जिल्ह्यात, पंढरपुरात, २०२० च्या आषाढीला हेच दिसलं. पायी वारी झाली नाही; संतांच्या पादुका ३० जूनला एस.टी. बसने, मोजक्या वारकऱ्यांसह पंढरीत पोचल्या. मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजा करण्याचा मान दरवर्षी दर्शनरांगेतल्या दांपत्याला मिळतो. त्या वर्षी रांगच नव्हती. तेव्हा तो मान मंदिरातच वीणेचा पहारा देणाऱ्या सेवेकऱ्याला आणि त्यांच्या पत्नीला मिळाला. वारी थांबली, पण मानाची जागा रिकामी राहिली नाही.

मानसशास्त्रातल्या प्रयोगांनी याला दुजोरा दिला आहे. कॅथलीन व्होस, यजिन वँग, फ्रान्चेस्का जिनो आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी २०१३ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. चॉकलेट खाण्याआधी काही जणांना ठरावीक क्रमाने ते मोडायला, कागद काढायला सांगितलं. बाकीच्यांनी ते तसंच खाल्लं. ज्यांनी छोटासा विधी केला त्यांना तेच चॉकलेट जास्त चवदार लागलं आणि त्यांनी ते सावकाश खाल्लं. विधी आणि खाणं यांत थोडा थांबा असला तर आनंद वाढत होता. आणि सर्वांत महत्त्वाचं: दुसऱ्याने केलेला विधी नुसता पाहणाऱ्यांना तो लाभ झाला नाही, स्वतःच्या हाताने करणाऱ्यांनाच झाला. नैवेद्य दाखवून होईपर्यंत पुरणपोळीकडे नुसतं बघत बसण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. त्या थांबण्याने पोळीची गोडी वाढते, हे यातून कळतं.

म्हणून लहान सणाचा पहिला नियम: आलेल्या प्रत्येकाला एक मान द्या, आणि तो आधीच सांगून ठेवा. घरातल्या नातीकडे रांगोळी. काकांकडे गुढीची काठी उभी करणं. आजीने तिळगूळ पहिल्यांदा हातावर ठेवायचा आणि तो तिच्या हातूनच सुरू व्हायचा. शेजारच्या मुलाने घंटा धरायची, जावयाने ताटं वाढायची. मोठ्या समारंभात चार जण राबतात आणि चाळीस जण बसून राहतात. सहा-सात जणांच्या सणात कुणीही नुसता प्रेक्षक राहत नाही. लहान मेळाव्याची ही जमेची बाजू आहे आणि ती वापरायला हवी.

चौघांतलं बोलणं

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक गप्पा कशा मारतात याचं निरीक्षण केलं. एका संभाषणात साधारण चार माणसंच टिकतात, पाचवा आला की गप्पा फुटून दोन गट होतात, असं त्यांना आढळलं. तीस जणांच्या दिवाळी फराळाला आपण सगळ्यांना भेटून येतो आणि कुणाशीच बोलून येत नाही, याचं कारण हेच. दोन घरांची सहा-सात माणसं एकत्र आली की एखादं संभाषण मुळापर्यंत जाऊ शकतं. एकेकाळी गिरणीत पाळी केलेल्या आजोबांना भोंग्याच्या काळातली संक्रांत विचारावी, तेलुगू घरातल्या आजीला बतुकम्म्याची फुलं कशी रचतात ते विचारावं. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गर्दीत गप्प बसावं लागतं. लहान बैठकीत त्यांना सगळं ऐकू येतं आणि त्या दिवशी तेच बोलतात.

पण मग ज्यांना बोलवायचं राहिलं त्यांचं काय? इथेही रीतच मदतीला येते. संक्रांतीचं हळदीकुंकू एकाच दिवशी करावं लागत नाही. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. २०२१ मध्ये रथसप्तमी १९ फेब्रुवारीला होती, म्हणजे संक्रांतीपासून पाच आठवड्यांहून जास्त अवधी. एका संध्याकाळी चाळीस सुवासिनी जमवण्याऐवजी आठवड्याला दोन-तीन घरं बोलावली, तर वाण तेच, तिळगूळ तोच, आणि प्रत्येकीची ओटी भरताना दोन शब्द बोलायला सवड मिळते. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायकांनाही याच निमित्ताने हक्काने बोलवावं. साथीत एकाकीपण सर्वांत जास्त त्यांच्या वाट्याला आलं.

डब्यातून गेलेला सण

ज्यांच्याकडे जाता येत नाही त्यांच्याकडे अन्न जाऊ शकतं. सोलापूरच्या स्वयंपाकघराला प्रवासाला टिकणाऱ्या पदार्थांची मोठी परंपरा आहे: शेंगा पोळी, तिळाची पोळी, कडक भाकरी, शेंगाचटणी. भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी एवढी टिकत नाही, पण गल्लीतल्या गल्लीत ऊन-ऊन पोचते. ईदला शीरखुर्म्याचा डबा मोहल्ल्याबाहेरच्या मित्राच्या घरी जातो आणि दिवाळीला तोच डबा चकल्यांनी भरून परततो. रिकामा डबा परत करायचा नाही, ही आपली जुनी रीत.

डबा पाठवताना त्याला सणाचं रूप द्यावं. एका वेळी खाण्याजोगं पान बांधावं, वर दोन ओळींची चिठ्ठी घालावी, आणि दोन्ही घरांनी एकाच वेळी जेवायला बसायचं ठरवावं. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांशी व्हिडिओ कॉल करतानाही हीच युक्ती चालते. ‘सगळे दिसताय का?’ यात अर्धा तास घालवण्यापेक्षा दहा मिनिटांचं ठरलेलं काम द्यावं: पुण्यातल्या मुलाने आरतीची सुरुवात करायची, अमेरिकेतल्या मुलीने भावाला ओवाळायचं, भाचीने आपण केलेला किल्ला दाखवायचा. पडद्यावरच्या माणसालाही मान हवा; मान नसला तर तोही नुसता प्रेक्षक होतो.

ज्यांच्या घरी सण नव्हता

या दोन वर्षांत असंख्य घरांतलं माणूस गेलं. अनेकांना शेवटचं दर्शन मिळालं नाही, दहाव्या-तेराव्याला कुणी येऊ शकलं नाही. आपल्याकडे मृत्यूनंतरचा पहिला सण घरात गोडधोड करून होत नाही. नातेवाईक आणि शेजारी येऊन बसतात, फराळ आणतात, चार घास खायला लावतात आणि त्या घराला पुन्हा सणांत ओढून आणतात. साथीने नेमका हाच आधार काढून घेतला. सांत्वनाला लोक आले नाहीत, आणि सणालाही आले नाहीत.

लहान मेळाव्याचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे, असं मला ठामपणे वाटतं. अशा घरी वीस जणांनी जायची गरज नसते. दोघांनी जावं, अंगणात किंवा व्हरांड्यात बसावं, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं. नाव टाळू नये. गेलेल्याला आवडणारा एक पदार्थ करून न्यावा, आणि त्या घरातल्या माणसाला काही ना काही करायला सांगावं: पणती लावायला, वात वळायला, वाढायला. नॉर्टन आणि जिनो यांनी २०१४ मध्ये शोकाविषयीही प्रयोग प्रसिद्ध केले. गमावलेल्या माणसासाठी किंवा नात्यासाठी केलेला एखादा छोटा विधी दुःखाची धार कमी करतो, कारण आयुष्य हातातून निसटल्याची भावना त्याने थोडी ओसरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या आज्यांनी हे प्रयोगाविना ओळखलं होतं, म्हणूनच त्या दुखवट्याच्या घरी फराळाचं ताट घेऊन जात.

साथ गेली, गरज उरली

१० जुलै २०२२ च्या आषाढीला पायी वारी पुन्हा पंढरपुरात पोचली. गड्डा भरू लागला, लेझीमचे डाव पुन्हा रस्त्यावर आले. ते यायलाच हवे होते. हजारोंच्या एका लयीत जी शक्ती असते तिच्याविषयी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच लिहून ठेवलं आहे, आणि नंदीध्वज डोलताना पाहिलेल्या कुणालाही ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चार माणसांचा सण त्या गर्दीची जागा घेत नाही.

पण प्रत्येक सणाला, प्रत्येक घराला गर्दी झेपत नाही. केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, डायलिसिसवरचे आजोबा, महिन्याचं बाळ, नुकतंच माणूस गेलेलं घर यांच्यासाठी आजही साथीच्या काळातलेच नियम योग्य आहेत: मोजके उंबरे, मोकळी हवा, थोडा वेळ. आणि पोरं पुण्या-हैदराबादला गेल्यामुळे ज्या घरात आता दोनच म्हातारी माणसं उरली आहेत, अशी घरं सोलापूरच्या प्रत्येक पेठेत आहेत. ‘दोघांसाठी कशाला करायचं’ म्हणून तिथे सण हळूहळू बंद पडतो. तो बंद पडू देऊ नये. येत्या सणाला अशा एका घरी आधी फोन करा, येणार म्हणून कळवा, जाताना अर्धीच तयारी घेऊन जा आणि उरलेली अर्धी त्यांच्याकडून करून घ्या. तिळगूळ तुम्ही न्या, तो हातावर ठेवण्याचा मान मात्र त्यांचाच असू द्या.